विमान दीड तासाचं, प्रवास किती तासांचा?

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर किती, असं मोबाइलला विचारलं तर उत्तरं तीन मिळतात: 702, 436 आणि 379. तिन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा, तिसरा नॉटिकल मैलांचा. वेळेचंही तसंच. कुणी 53 मिनिटं सांगतं, कुणी एक तास दहा मिनिटं, तिकिटावर दीड तासाच्या आसपास छापलेलं असतं आणि घरातून निघून पलीकडच्या घरी पोचेपर्यंत चार-साडेचार तास सहज जातात. हे आकडेही आपापल्या जागी खरेच आहेत. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

म्हणून हे गणित एकदा कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करावं. सातवी-आठवीच्या पलीकडचं त्यात काही नाही. उदाहरणाला कोल्हापूर–नागपूर घेऊ. राज्याचं एक टोक दक्षिणेला, दुसरं पूर्वेला. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घालत जाते, त्यात एक अख्खा दिवस मोडतो. 2025 मध्ये स्टार एअरने ही दोन शहरं थेट विमानाने जोडली, तेव्हापासून ‘विमानाने खरंच किती वेळ वाचतो’ हा प्रश्न दोन्हीकडच्या मंडळींना पडू लागला.

विमानतळ नक्की कुठला?

शहराचं नाव टाकून अंतर काढू नका. अंतर मोजायचं ते धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत, आणि धावपट्टी शहरात असतेच असं नाही. सिंधुदुर्गचा विमानतळ चिपीला, परुळ्याजवळ. नाशिकचा ओझरला, शिर्डीचा काकडीला, बेळगावचा सांबऱ्याला. गोव्याला तर दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. या दोहोंत सरळ रेषेत जवळपास चाळीस किलोमीटर आहेत, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. मडगावला उतरायचं आणि तिकीट मोपाचं, असं झालं की विमानात वाचवलेला वेळ टॅक्सीत जातो, वर भाडं वेगळंच. मुंबईलाही आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळ आहे, तेव्हा तिथेही तिकिटावरचं नाव नीट वाचायला हवं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे तीन अक्षरी कोड. कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. तिकीट काढताना आणि अंतर शोधताना कोडच वापरा.

अंतर काढताना

गूगल मॅप्सवर कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ शोधून धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. कोल्हापूरचे साधारण 16.66 आणि 74.29. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे 21.09 आणि 79.05. हे दशांशात आहेत. एखाद्या पुस्तकातून किंवा तक्त्यातून घेतलेत तर ते अंश-मिनिटांत असतील, आणि तिथे सांभाळा: 16 अंश 40 मिनिटं म्हणजे 16.40 नव्हे, तर 40 भागिले 60, म्हणजे 16.67. ही एवढी चूक तीस किलोमीटरला पडते.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक 4.43 अंश, रेखांशांतला 4.76 अंश. अक्षांशाचा एक अंश कुठेही गेलात तरी 111 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नागपूर कोल्हापूरच्या उत्तरेला 4.43 गुणिले 111, सुमारे 492 किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसा आखडत जातो, कारण सगळ्या रेखावृत्तांना शेवटी ध्रुवावर एकत्र यायचं असतं. कोल्हापूरच्या पातळीवर तो सुमारे 106.5 किलोमीटर, नागपूरच्या पातळीवर 104 च्या जवळ. मधला 105 धरा. 4.76 गुणिले 105, म्हणजे पूर्वेला 500 किलोमीटर.

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाताशी आल्या. 492 चा वर्ग अधिक 500 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: सुमारे 701. संगणकावरचं यंत्र 702 म्हणेल, त्याने पृथ्वीचा बाक धरलेला असतो. महाराष्ट्राएवढ्या पसाऱ्यात या बाकाने एखाद्या किलोमीटरचा फरक पडतो, त्यापायी डोकं शिणवू नये. मुंबई–न्यूयॉर्क काढायचं असेल तर मात्र पायथागोरस उपयोगाचा नाही. तिथे सर्वांत जवळची वाट नकाशावर वरच्या बाजूला चांगली वाकलेली दिसते.

दोन्ही बाजू जवळपास सारख्या निघाल्या हेही लक्षात ठेवा. याचा अर्थ नागपूर कोल्हापूरपासून बरोबर ईशान्येला, 45 अंशांवर आहे. पुढे हे कामाला येणार आहे.

नॉटिकल मैल का वापरतात, तेही याच गणितात दडलंय. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजेच 1.852 किलोमीटर. नकाशावर अंश मोजले की अंतर हातात येतं, म्हणून वैमानिक आणि खलाशी तेच माप धरतात. आपल्याला एवढंच पुरे की नुसता ‘मैल’ दिसला तर 1.609 ने गुणायचं आणि ‘एनएम’ लिहिलेलं असलं तर 1.852 ने.

विमान कुठलं, हे अंतराइतकंच महत्त्वाचं

लहान विमानतळांवर दोन जातींची विमानं येतात. एक पंख्यांचं, म्हणजे एटीआर 72. सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान माणसं बसतात, वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. दुसरं जेट: स्टार एअरचं 76 आसनी एम्ब्रेअर 175, किंवा धावपट्टी पुरेशी लांब असेल तर एअरबस 320. यांचा वेग ताशी 800 किंवा थोडा वर. तिकीट काढण्याच्या पानावर विमानाचा प्रकार बारीक अक्षरांत दिलेला असतो, तो वाचायचा.

इंटरनेटवरची बरीच यंत्रं सरसकट जेटचा वेग धरतात. 702 भागिले 800 म्हणजे 53 मिनिटं, हा आकडा तिथून येतो. विमान धावपट्टीवरूनच 800 च्या वेगाने सुटतं आणि त्याच वेगाने नागपुरात टेकतं असं मानलं तरच तो खरा. प्रत्यक्षात चढायला वेळ लागतो, उतरायला त्याहून जास्त, आणि या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही.

हे सरळ रेषेचं जरा बारकाईनं पाहू. धावपट्टीला जे दोन आकडी क्रमांक असतात ते दिशेचे. कोल्हापूरची धावपट्टी 07/25, म्हणजे एका टोकाकडून पळालं तर विमानाचं तोंड 70 अंशांना, साधारण पूर्वेला. उलट बाजूने 250 अंशांना, पश्चिमेला. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उडतं. वारा पूर्वेचा असला तर पूर्वेला उडून थोडं डावीकडे वळलं की नागपूरची वाट. पावसाळ्यात मात्र वारा पश्चिम-नैऋत्येचा. मग उड्डाण पश्चिमेला, पन्हाळ्याच्या बाजूला, आणि तिथून गिरकी घेऊन ईशान्येला. पलीकडे नागपूरची धावपट्टी 14/32, वायव्य-आग्नेय. कोल्हापूरचं विमान येतं ते ईशान्येकडे तोंड करून, म्हणजे धावपट्टीला जवळजवळ काटकोनात. कुठल्याही टोकाकडून उतरवा, आधी बाजूला जाऊन वळून यावंच लागतं. खिडकीतून विमानतळालगतचं मिहान दिसतंय, मग उतरत का नाही, असं वाटतं ते यामुळे. त्यात आखून दिलेले हवाई मार्ग आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना धरल्या तर सरळ रेषेपेक्षा पाच-दहा टक्के वाट वाढलीच म्हणून समजा.

वाऱ्याचा विचार करायचा का? करा, पण त्याला फार भाव देऊ नका. वरच्या हवेत हिवाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. समजा त्याचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे. आपली दिशा 45 अंशांची असल्याने त्यातला 42 किलोमीटरच पाठीवर मिळतो. जाताना 50 मिनिटं लागली तर येताना 55. पाच मिनिटांचा खेळ. पावसाळ्यात गंमत म्हणजे खाली नैऋत्येचा वारा असतो, पण दहा-बारा किलोमीटरवर तो पूर्वेकडून येतो, तेव्हा जेटचा हिशोब उलटतो. राज्यातल्या राज्यात हे मिनिटांतच राहतं.

हे सगळं एका ओळीत बसवायचं तर:

जेटसाठी किलोमीटर भागिले 800, त्याची मिनिटं करून 30 मिळवा. एटीआरसाठी किलोमीटर भागिले 500, त्याची मिनिटं करून 25 मिळवा.

कोल्हापूर–नागपूर जेटने 53 अधिक 30, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं. तेच एटीआरने असतं तर 84 अधिक 25, पावणेदोन तासांच्या वर. पुणे–चिपी हवाई अंतर 290 किलोमीटर. एटीआरने 35 अधिक 25, बरोबर तासभर. पंचवीस-तीस मिनिटांची ही जोड अंतर वाढलं म्हणून फारशी वाढत नाही. त्यामुळे अंतर कमी तेवढा तिचा भार जास्त, आणि सव्वातीनशे किलोमीटरच्या आत जेट आणि एटीआर यांत दहा-पंधरा मिनिटांपलीकडे फरक राहत नाही. एटीआर आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे बघावं. एकच अडचण: त्यातले डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी ट्रॉली बॅग दारातच काढून घेतात आणि सामानात टाकतात, तेव्हा औषधं, चार्जर, कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवा.

तिकिटावरची वेळ

तिकिटावर दोन वेळा असतात. सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची, आणि पोचण्याची म्हणजे पलीकडे जागेवर येऊन थांबण्याची. या दोहोंतल्या वेळाला विमानवाले ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. वरच्या सूत्रातून निघतो तो अंदाज याचा. लहान विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी समांतर टॅक्सीमार्ग नसतो. विमान धावपट्टीवरूनच टोकाला जातं, तिथे पूर्ण वळतं आणि मग पळायला लागतं. ती मिनिटंही यातच.

कंपन्या यावर थोडी राखीव वेळही ठेवतात. ठरल्या वेळेच्या 15 मिनिटांच्या आत विमान आलं तर ते ‘वेळेवर’ धरलं जातं, म्हणून एक तास तेवीसचा प्रवास वेळापत्रकात दीड तास होतो. ‘दहा मिनिटं आधी पोचलो’ ही घोषणा ऐकून हरखून जायचं कारण नाही.

खरा वेळ बघायचा तर फ्लाइटरडार24 वर उड्डाणाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत ते कधी सुटलं, कधी पोचलं, हे ओळीने दिसतं. सरासरी काढत बसू नका; एखाद्या दिवशी चार तास उशीर झालेला असतो, त्याने सगळा हिशोब बिघडतो. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. ‘रद्द’ असं किती वेळा आलंय तेही मोजा, कारण नेमकं तेच विक्रीच्या पानावर दिसत नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट कळते: हे विमान आपल्याकडे येण्याआधी कुठे होतं. छोट्या कंपन्यांचं एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या मारतं. सकाळी धुक्याने पहिली फेरी लटकली की तो उशीर संध्याकाळपर्यंत पुढे सरकत राहतो. त्यात काही विमानतळ ठरावीक तासच चालू असतात. तिथे उशीर झालेलं विमान थांबत नाही, सरळ रद्द होतं. म्हणून लग्न, मुलाखत, कोर्टाची तारीख असं काही असेल तर दिवसाची पहिली फेरी धरावी. कोल्हापूर–नागपूरसारख्या मार्गावर ती सोय नसेलच, तर आदल्या दिवशी जावं.

घर ते घर

आता कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून निघणाऱ्या माणसाचं गणित करू. उजळाईवाडी शहरापासून दहा किलोमीटरच्या आत, अर्धा तास. काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतो, तेव्हा विमानतळावर दीड तास आधी. विमान दीड तास. नागपुरात सामानाच्या पट्ट्यावर वीस मिनिटं. सोनेगाव ते सीताबर्डी आठ-नऊ किलोमीटर, रहदारीसह अर्धा तास. बेरीज चार तास वीस मिनिटं. रात्रीच्या स्लीपर बसने संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारकडे पोचतो आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसवाला एक दिवसाने. इथे विमान निर्विवाद जिंकतं. त्याचं मोठं कारण असं की दोन्ही विमानतळ गावाला लागून आहेत.

पुणे–चिपीचं तसं नाही. कोथरूडहून लोहगावच्या विमानतळावर तास-सव्वातास, आधी दीड तास, विमान एक तास, सामान वीस मिनिटं, आणि चिपीहून कुडाळ वीस-पंचवीस किलोमीटर, तेही गाडी आधी सांगून ठेवली असेल तर. पाच तासांच्या जवळ गेलो. आंबोलीच्या घाटाने मोटारीचा रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, आठ तास. तीन तास वाचतात, पण घरची चार माणसं, आंब्याच्या पेट्या आणि तिथे फिरायला गाडी हवी असेल तर मी विमान सुचवणार नाही. एकटं, कामासाठी, पावसाळ्यात घाट बेभरवशाचा असताना जायचं असेल तर जरूर.

कोल्हापूर–मुंबईची गोष्ट आणखी वेगळी. हवाई अंतर जेमतेम 310 किलोमीटर. विमानाने घर ते घर पाच तास, रात्रीच्या बसने आठ-नऊ. पण बसचे तास झोपेतले असतात आणि विमानाचे कामाच्या वेळेतले. वाचलेला वेळ कुठल्या प्रहरातला, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते आपलं आपण ठरवायचं.

थेट विमान नसलेल्या दिवशी साइट ‘कोल्हापूर–मुंबई–नागपूर’ असा पर्याय दाखवते. हवाई अंतर 310 अधिक 680, म्हणजे 990 किलोमीटर. थेटपेक्षा जवळपास तीनशे जास्त. पण अंतर इथे गौण आहे. जोडीच्या उड्डाणात पंचवीस-तीस मिनिटांची ती जोड दोनदा लागते आणि मध्ये मुंबईत दोन-तीन तास बसावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

रद्द झालं तर

प्रादेशिक मार्ग बंद पडतात, हे गृहीत धरून चालावं. 2016 मध्ये आलेल्या ‘उडान’ योजनेत सरकार कंपनीला तूट भरून देतं आणि सुमारे 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणातल्या ठरावीक जागांचं भाडं सुरुवातीला 2,500 रुपयांच्या आसपास बांधलेलं होतं. ही मदत तीन वर्षांची. ती संपली की कंपनी आकडेमोड नव्याने करते आणि प्रवासी पुरेसे नसले तर विमान दुसरीकडे नेते. सहा महिन्यांनंतरचं तिकीट काढण्याआधी त्या मार्गावर पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलंय का, ते पाहा.

आणि इथे ब्लॉक टाइमचा असा एक उपयोग होतो जो फार कुणाला माहीत नसतो. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केलं तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाने मिळणारी भरपाई याच वेळावर ठरते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर 7,500, त्याहून जास्त असेल तर 10,000; किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. तिकिटाचा परतावा याशिवाय वेगळा. वादळ, धुकं, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला भरपाई नाही, परतावा मात्र आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड आपली.

पुणे–चिपी किंवा कोल्हापूर–मुंबईचं विमान तासाच्या सीमेवर रेंगाळतं: वेळापत्रकात 60 मिनिटं लिहिलेली असतील तर पहिला गट, 65 असतील तर दुसरा. म्हणून तिकिटाची मूळ पीडीएफ जपून ठेवा, कंपनीचे एसएमएस खोडू नका, आणि काउंटरवरच्या माणसाकडून रद्द होण्याचं कारण लेखी किंवा ईमेलवर मागून घ्या. त्याने टाळाटाळ केली तर सरकारच्या ‘एअरसेवा’ ॲपवर तिथूनच, विमानतळावर बसल्या बसल्या, तक्रार नोंदवता येते.